मॅचिंग चुकायला लागलं तेव्हा : इतवारीतल्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

बाईंचं वय ५२. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेली. दुकानात सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नागपुरातच महालात असलेल्या माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तक्रार एका वाक्याची होती : "मॅडम, मॅचिंग चुकून राहिलं."

मी केसपेपरवर लिहिलं, "दोन्ही डोळ्यांना कमी दिसते." त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं असतं तर कदाचित तीन आठवडे वाचले असते.

मॅचिंग सेंटरशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गिऱ्हाईक साडी घेऊन येतं आणि तिला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोऱ्याचं रीळ मागतं. नुसत्या लालात डाळिंबी, राणी, कुंकवाचा, विटकरी. हिरव्यात पोपटी, शेवाळी, बाटली हिरवा. मावशी मांडणीतून रीळ काढायच्या, काठावर टेकवायच्या, दारातल्या उजेडात एकदा नजर टाकायच्या, की काम झालं. त्यांच्यासाठी शेडकार्ड कधी काढावं लागलं नाही, असं शेठच सांगतात. ऑगस्टच्या मध्यापासून ते निघू लागलं. डाळिंबी साडीवर त्यांनी तपकिरी अस्तर कापून दिलं, लिंबू रंगाला मोतिया. कापलेलं कापड परत घेता येत नाही. दोनतीनदा असं झाल्यावर शेठनी त्यांना फॉल-पिकोच्या बाजूला बसवलं. तिथे सुईत दोरा ओवता येईना.

पहिली भेट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. दोन्ही डोळ्यांची दूरची नजर ६/१८, म्हणजे निरोगी माणूस जी ओळ १८ मीटरवरून वाचतो ती त्यांना ६ मीटरवरून जेमतेम वाचता येत होती. जवळचं एन १२ (वाचता येणाऱ्या अक्षरांचं माप, आकडा मोठा तितकी नजर कमी). महिन्याभरात चष्मा दोनदा बदलून झाला होता. दुसऱ्या चष्मेवाल्यानं "नंबर बसत नाही, डॉक्टरला दाखवा" म्हणून पैसे न घेता परत पाठवलं होतं. या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय त्याचा. डोळ्यांचा दाब १४ आणि १५, म्हणजे ठीक. भिंगात वयानुसार येणारा पिवळटपणा, मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात. डोळ्याचा मागचा पडदा स्वच्छ, मज्जातंतूची चकती (डोळ्याच्या आत दिसणारं त्याचं टोक) गुलाबी, कडा रेखीव. मधुमेह नाही. बीपीची एक गोळी चालू. "आणखी काही औषधं?" "नाही मॅडम."

पिनहोलही केलं. काळ्या चकतीतल्या बारीक भोकातून तक्ता वाचायला लावतात. नंबर चुकीचा असेल तर नजर सुधारते, कारण भोकातून येणारी किरणं वाकवायची फारशी गरजच उरत नाही. मावशींची नजर तिळभर सुधारली नाही. तशी नोंद केली, आणि मग सुरुवातीचा मोतीबिंदू असं लिहून त्यांना महिन्यानं बोलावलं.

इथे माझी चूक झाली. मोतीबिंदूत कधीकधी पिनहोलनं फरक पडत नाही, ही पळवाट मला तोंडपाठ होती. पण त्यांच्या भिंगातून मला आतला पडदा लख्ख दिसत होता. डॉक्टरला बाहेरून आत इतकं स्वच्छ दिसतं तेव्हा रुग्णालाही आतून बाहेरचं साधारण तितकंच स्वच्छ दिसायला हवं. तेवढ्या मोतीबिंदूनं नजर फार तर एकदोन ओळी उतरते, ६/१८ होत नाही. शिवाय मोतीबिंदूचा माणूस तक्रार वेगळी सांगतो. त्याच सकाळी आलेले एक आजोबा म्हणत होते की उन्हात डोळे दिपतात, रात्री वर्धा रोडवर समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरतात, पण पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलाय. ते त्यावर खूश होते. जवळचं अचानक सुधारणं हे भिंग घट्ट होत असल्याचं लक्षण, ते मोतीबिंदूत दिसतं. मावशींचं दूरचं आणि जवळचं दोन्ही एकदमच गेलं होतं.

दुसरी भेट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नवरात्र तोंडावर आलेलं. नऊ दिवसांचे नऊ रंग, म्हणजे मॅचिंगवाल्यांची वर्षाची कमाई. आणि त्याच आठवड्यात शेठनी मावशींना घरी बसायला सांगितलं होतं. बरोबर आलेली सून दबक्या आवाजात म्हणाली, "आजकाल कामात मनच नाही त्यांचं." दुकानातल्या एकदोघींनी तर सोंग करतात म्हटलं होतं. डोळे बाहेरून चांगले दिसतात, पांढरे, चकचकीत, लाली नाही, पाणी नाही. अशा माणसावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही.

नजर आता ६/३६ होती, दोन्ही डोळ्यांची. तीन आठवड्यांत मोतीबिंदू असा धावत नाही. मी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून विचारत गेले.

दुखतं का? डोळा फिरवताना ओढ लागते का? नाही. (तरुण बाईचा एकच डोळा चारपाच दिवसांत अंधुक झाला आणि हलवताना दुखला, की मज्जातंतूच्या दाहाचा विचार येतो.) एका डोळ्याचं आधी गेलं की दोन्हींचं बरोबर? बरोबर. एका रात्रीत की हळूहळू? हळूहळू. पडदा ओढल्यासारखं, वीज चमकल्यासारखं, काळे ठिपके तरंगल्यासारखं? नाही. यातलं काही असतं तर मी त्याच दिवशी त्यांना पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवलं असतं, कारण पडदा सुटू लागला की उद्यावर ढकलता येत नाही. दाराच्या चौकटी वाकड्या दिसतात का? नाही, म्हणजे पडद्याच्या मध्यबिंदूला सूज असण्याची शक्यता कमी. चालताना बाजूच्या माणसाला धडक लागते का? "नाही, गर्दीतून बरोबर जाते मी. पण समोरच्याचं तोंडच वळखू नाही येत. अंग दिसते, मधातलं तोंड पुसल्यासारखं."

या एका उत्तरानं बरंच काम झालं. काचबिंदूत आधी कडा जातात आणि मधलं शेवटपर्यंत टिकतं. म्हणून तर ते लोक उशिरा येतात. इथे कडा शाबूत आणि मध पुसलेला, दोन्ही डोळ्यांत सारखाच.

मग रंगाचं विचारलं. मावशी पुढे सरकून बसल्या, जणू इतके दिवस याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. तान्ह्या पोळ्याला त्या मारबत, म्हणजे मिरवणुकीनं निघणारे मोठे पुतळे, पाहायला उभ्या होत्या. काळी आली, पिवळी आली. "मी नातवाले म्हणलं, यंदा पिवळी मारबत अशी पांढरट काहून रंगवली रे? थो हसून राहिला." लाल रंग त्यांना मळल्यासारखा दिसत होता. सिग्नलचा दिवा त्या वर की खाली यावरून ओळखत होत्या.

रंगांची नजर तपासायचं इशिहाराचं पुस्तक काढलं. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात. १९१७ साली निघालेलं हे पुस्तक आजही जगभर वापरात आहे. पहिल्या पानावरचा १२ जन्मतः रंगांधळा असलेल्यालाही वाचता येतो, तो मावशींनीही वाचला. पुढच्या पानांवर त्या बोट फिरवत राहिल्या आणि मान हलवत गेल्या. वीस वर्षं डाळिंबी आणि विटकरी वेगळे काढणाऱ्या बाईचं हे पाहवत नव्हतं. जन्मापासूनचं रंगांधळेपण असतं तर ही नोकरी वीस दिवसही टिकली नसती. रंग नव्यानं गेले होते. नजरेच्या मानानं रंग जास्त गेले असतील तर दोष बहुतेक भिंगात नसतो, मज्जातंतूत असतो.

टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवून पाहिली. एकाच बाजूचा मज्जातंतू बिघडला असेल तर त्या बाजूला उजेड येताच बाहुली आकसण्याऐवजी पसरते. इथे तसं झालं नाही, पण म्हणून निश्चिंत होता येत नाही. ही परीक्षा दोन डोळ्यांतला फरक दाखवते. दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असतील तर ती गप्प राहते. आत पाहिलं तर चकती पुन्हा गुलाबी आणि निरोगी. रुग्णाला दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, अशी ही अवस्था.

दोन्ही डोळे, वेदना नाही, मधलं गेलेलं, रंग गेलेले, चकती अजून चांगली. असं असलं की विष किंवा कुपोषण शोधायचं. आपल्या विदर्भात पहिला प्रश्न खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा. मावशी खर्रा खात नव्हत्या, दारूचा प्रश्न नव्हता. गोळ्यांचं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, बीपीची एक.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, हनुवटी टेकवताना पदर सरकला. मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरच्या हाडाच्या वर, बोटाच्या पेराएवढा ताजा व्रण. पहिल्या भेटीतही तो तिथेच असणार. मी डोळ्यांच्या खाली पाहिलंच नव्हतं.

सुनेला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "मावशी, लघवी नारिंगी होते का?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी व्हायची, संत्र्याच्या रसासारखी. आता नाही होत." जरा थांबून : "का होऊन राहिली असंन, मलेच दिसत नसंन?"

तसंच होतं. रिफाम्पिसिन या औषधानं लघवीला येणारा रंग गेला नव्हता, तो पाहणारी नजर गेली होती. मानेतल्या गाठीचा क्षयरोग. मे महिन्याच्या सुरुवातीपासून गोळ्या चालू. घरात फक्त मुलाला माहीत. सुनेला सांगितलं तर ती नातवाला जवळ येऊ देणार नाही, शेठला कळलं तर नोकरी जाईल, ही भीती. गाठीचा क्षय खोकल्यातून पसरत नाही, हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलं नव्हतं. पहाटे सगळे उठायच्या आधी त्या तीन गोळ्या घ्यायच्या आणि पट्टी शिवणाच्या डब्यात, रिळांखाली ठेवायच्या.

त्या तीन गोळ्यांचं गणित असं. क्षयाच्या उपचारातलं इथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्याच्या मज्जातंतूला बाधू शकतं. त्यातल्या मधल्या, बारीक नजर आणि रंग वाहून नेणाऱ्या तंतूंना आधी. या तंतूंना ऊर्जा फार लागते, आणि औषध तांबं-जस्त धरून ठेवून पेशीतल्या ऊर्जेच्या यंत्रणेत अडथळा आणतं असं मानलं जातं. धोका मात्रेवर असतो : दर किलो वजनामागे रोज १५ मिलिग्रॅमला शंभरात एकाहून कमी, २५ ला साधारण पाचसहा, ३५ च्या पुढे अठराच्या आसपास. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात २०१७ पासून गोळ्या रोज घ्यायच्या असतात, वजनाच्या गटाप्रमाणे : ३५ ते ४९ किलोला तीन. प्रत्येक गोळीत २७५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल. मावशींचं वजन उपचार सुरू झाला तेव्हा ३७ किलो. म्हणजे किलोमागे बावीसच्या वर. गटाच्या वरच्या टोकाला, ४९ किलोच्या माणसाला, त्याच तीन गोळ्यांत सतराच्या आत पडतं. गोळ्या देणाऱ्यानं नियमाप्रमाणेच दिल्या होत्या. पूर्वी एक दिवसाआडच्या पद्धतीत नव्या रुग्णाला हे औषध पहिले दोन महिनेच असायचं, आता ते सहाही महिने चालतं. आयसोनियाझिड या क्षयाच्याच दुसऱ्या औषधाला दाद न देणारे जंतू वाढल्यामुळे ते चालू ठेवणं योग्यच आहे. पण डोळ्यांवर लक्ष ठेवायची मुदतही तितकीच लांबली.

आणखी एक गोष्ट होती. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. त्याच दिवशी रक्त पाठवलं : क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारा, स्नायूंतून येणारा घटक) १.४. रिपोर्टवर जेमतेम "किंचित जास्त" अशी खूण. पण वय, वजन आणि बाई असणं धरून हिशेब केला तर गाळण्याची क्षमता मिनिटाला सत्तावीस मिलिलिटरच्या आसपास निघते. ती तीस मिलिलिटरच्या खाली गेल्यावर हे औषध रोज देत नाहीत, आठवड्यातून तीनदाच देतात. सडपातळ माणसाचं क्रिएटिनिन असं फसवतं : स्नायूच कमी, म्हणून आकडा साधा दिसतो. जुनं बीपी मूत्रपिंड कोरत होतं आणि कुणी मोजलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना फोन केला. इथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी बंद. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण हे वाचून कुणी घरी सगळ्याच गोळ्या बंद करील : मावशींनी क्षयाचा उपचार थांबवला नाही. तिन्ही औषधं एकाच गोळीत असतात, म्हणून त्यांना आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन सुटी देऊन उरलेले पाचसहा आठवडे पुरे केले. तो निर्णय छातीच्या डॉक्टरांचा. आयसोनियाझिडही क्वचित मज्जातंतूला बाधतं, म्हणून बरोबर बी-६ दिलं, आणि सुधारणा झाली नाही तर त्याचाही फेरविचार करू असं ठरलं.

बाकी तपासण्या पटकन सांगते. दृष्टिक्षेत्राच्या आलेखात दोन्ही डोळ्यांत मध्यावर डाग. मेंदूचा एमआरआय केला, कारण पिट्युटरीची गाठ दोन्ही मज्जातंतू दाबून असंच काही करू शकते. तो स्वच्छ आला. बी-१२ कमी निघालं, १७०. माळकरी घर, दूध तेवढं चहापुरतं. इंजेक्शनं सुरू केली. यानं एकट्यानं हे घडवलं नसावं, पण दमलेल्या मज्जातंतूवर ते एक ओझं होतंच.

औषध बंद केल्यावर नजर लगेच फिरेल अशी मावशींची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर माझीही थोडी आशा होती. पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा ६/६०. आणखी उतरली होती. औषध थांबल्यावरही काही आठवडे घसरण चालू राहू शकते हे मला माहीत होतं, पण ते वाचणं वेगळं आणि समोर बसलेल्या बाईला सांगणं वेगळं. दसरा त्यांनी घरात काढला. सुनेला एव्हाना कळलं होतं. पट्टी तिनंच पाहिली. भीती होती तसं काही झालं नाही. उलट ती चिडली, की "मले आधी काहून नाही सांगतलं?"

नोव्हेंबरच्या मध्याला ६/३६ वर परत आल्या. डिसेंबरच्या अखेरीस ६/२४. संक्रांतीच्या आठवड्यात उजवा ६/१८, डावा ६/२४. मार्चमध्ये उजवा ६/९, डावा ६/१२, जवळचं एन ८. सगळ्यांचं असं होत नाही. काहींची नजर महिनोन्‌महिने जिथल्या तिथे राहते. जितका उशीर, तितकी आशा कमी. मार्चला मज्जातंतूच्या चकतीची बाहेरची कड किंचित फिकी दिसली. काही तंतू कायमचे गेले. मी पहिल्या भेटीत ओळखलं असतं तर त्यातले काही वाचले असते का, याचं उत्तर मला देता येत नाही, पण प्रश्न अधूनमधून येतो.

मोतीबिंदूला हात लावलेला नाही. तो होता तेवढाच आहे.

माझ्या केसपेपरवर आता दोन ओळी छापून घेतल्या आहेत. एक, "रुग्णाचे शब्द", त्यात मराठी, वऱ्हाडी, हिंदी जे असेल ते तसंच. दुसरी, "गोळ्यांची पट्टी पाहिली का", विचारली नव्हे, पाहिली. भागातल्या दोन छातीच्या डॉक्टरांशी बोलणं झालं : क्षयाची औषधं सुरू होण्याआधी नजर आणि रंग एकदा तपासून नोंद करायची, आणि महिन्याला गोळ्या न्यायला आलेल्याला एवढंच विचारायचं की लाल अजून लालच दिसतो ना. लहान मुलांना हे सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत आईला विचारायचं.

मावशी फेब्रुवारीपासून पुन्हा दुकानात जातात. शेठना खरं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं. काउंटर अर्धा दिवस, आणि नवरात्रातल्यासारख्या गर्दीत शेडचं काम दुसऱ्या मुलीकडे. मार्चच्या भेटीत इशिहाराची निम्मी पानं वाचली. मी पुस्तक मिटताच त्यांनी पिशवीतून एक रीळ काढून माझ्यापुढे धरलं. "सांगा मॅडम, हा कोणता?"

मी म्हटलं, "मरून."

"डाळिंबी आहे, मॅडम."

मला खरंच आनंद झाला. तसं म्हणाले, तर त्या हसल्या आणि रीळ उलटं करून बुडाशी चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. शेड नंबर होता, मोठ्या अक्षरात, सुनेच्या हातचा.